नानांचे पाच मुराळी

नाना पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा त्यांनी आईला नमस्कार केला नाही की बाबा कुठे नोकरीला आहेत ते विचारलं नाही. चपला काढल्या, सरळ मागच्या गॅलरीत गेले आणि आमच्या वॉशिंग मशीनची माफी मागितली.

मी तिथेच लॅपटॉप घेऊन बसले होते, म्हणून हे मी शपथेवर सांगू शकते. त्यांनी मशीनच्या झाकणावर हात ठेवला, दोनदा थोपटलं आणि म्हणाले, "माफ कर भो. ह्यासले ठाव नही." म्हणजे आम्हाला माहीत नव्हतं. काय माहीत नव्हतं ते त्यांनी चहा पिताना सांगितलं. त्या मशीनच्या आत जेवढं डोकं आहे, तेवढ्या डोक्यावर त्यांनी धुळ्यात अख्खा कॉम्प्युटर क्लास चालवला होता, आणि आम्ही त्याच्याकडून परकर धुवून घेतो. आईनं कप खाली ठेवला. आमच्याकडे परकर हा शब्द पाहुण्यांसमोर उच्चारत नाहीत.

नाना आमच्या शेजारच्या बंगल्यात राहतात, जळगावला. धुळ्याचा क्लास बंद पडल्यावर इकडे आले. काकूंना जाऊन आठ-नऊ वर्षं झाली, मूलबाळ नाही. सख्खं म्हणावं असं एकच माणूस, मोठी बहीण. तिला सगळे अक्का म्हणतात. ती सावद्याला असते आणि सहा वर्षांपासून नानांशी बोलत नाही. ती का बोलत नाही ते पुढे येईलच. एवढंच लक्षात ठेवा, की दरवर्षी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली की नानांना दुसरं काही सुचत नाही. अक्का यावर्षी येईल का, हा एकच प्रश्न.

आमच्याशी नाना शुद्ध बोलतात, क्लास चालवलेल्या माणसासारखं. अहिराणी त्यांनी दोघांसाठी राखून ठेवली आहे, यंत्रं आणि अक्का. अक्का बोलत नसल्यामुळे सध्या सगळी अहिराणी यंत्रांच्या वाट्याला येते.

त्यांचा क्लास नव्वदच्या दशकातला. चपला बाहेर, आत एसी, खिडक्यांना जाड पडदे. पहिल्या दिवशी मॉनिटरला झेंडूचा हार घातला होता आणि हाराचं पाणी आत गेल्यामुळे क्लास दुसऱ्या दिवशी सुरू होऊ शकला नाही. एका कॉम्प्युटरवर सहा विद्यार्थी बसायचे. एक जण बटणं दाबायचा, बाकीचे पाच डोळ्यांनी शिकायचे. नानांच्या मते डोळ्यांनी शिकलेले पाच जण पुढे जास्त वर आले.

ते चौदा कॉम्प्युटर आजही त्यांच्या पुढच्या खोलीत आहेत. घरात बसायला जागा नाही, पण चौदा कॉम्प्युटर बसलेले आहेत, प्लास्टिकची टोपरी घालून, बारशाला आल्यासारखे. नाना रोज दोघांना चालू करतात. त्याला ते व्यायाम म्हणतात. दसऱ्याला प्रत्येकाच्या कीबोर्डवर आपट्याचं पान. जुन्या फ्लॉपी एका लोणच्याच्या बरणीत आहेत, कारण बरणीत बुरशी लागत नाही असा त्यांचा अनुभव आहे. अनुभव लोणच्याचा आहे, पण नाना अनुभवात भेदभाव करत नाहीत.

आता त्यांचा सिद्धांत. तो मी इतक्यांदा ऐकलाय की झोपेतही सांगू शकेन. आजकाल घरातल्या प्रत्येक वस्तूत एक छोटा कॉम्प्युटर असतो. मिक्सरमध्ये, इस्त्रीत, रिमोटमध्ये, बोलणाऱ्या बाहुलीत. त्यातला प्रत्येक जण आपल्या क्लासच्या चौदांपेक्षा हुशार. आणि त्याला काम काय? तर दोन मिनिटं झाली की पीप करायचं. नाना कुठलंही यंत्र हातात घेतात, कानाशी नेतात, हलवतात आणि एक सुस्कारा सोडून म्हणतात, "ह्यामा डोकं शे. पन रिकामं बठेल शे." शिकून सवरून घरी बसलेल्या पोराबद्दल गावात बोलतात, अगदी तसं. मी पुण्याची नोकरी घरून करायला लागले तेव्हा पहिले काही महिने नाना माझ्याकडेही त्याच नजरेनं बघायचे.

माणूस चंद्रावर गेला तेव्हा यानात जेवढं डोकं होतं, त्याहून जास्त आपल्या मोबाइलच्या चार्जरमध्ये आहे, असंही ते सांगतात. असेल. आमचा चार्जर वायर विशिष्ट कोनात वाकवल्याशिवाय चालत नाही. चंद्रावर जाणाऱ्यांपैकी कोणाला वायर धरून बसावं लागलं का, ते मी विचारलं नाही. मी सहसा काहीच विचारत नाही. नानांना माझ्याबद्दल आवडणारी ती एकमेव गोष्ट आहे. "ही पोरगी कमी बोलते, पण आत चालू असते," असं त्यांनी आईला सांगितलं होतं. त्यांच्या तोंडून कुठल्या माणसाची याहून मोठी स्तुती मी ऐकलेली नाही.

रिकाम्या डोक्यांना काम द्यायचं, हे त्यांनी आयुष्याचं काम करून घेतलंय. मोडक्या खेळण्यातला माइक आणि एका जुन्या कॅल्क्युलेटरचं पोट जोडून त्यांनी आईला कुकरच्या शिट्ट्या मोजणारं यंत्र करून दिलं. तीन शिट्ट्या झाल्या की ते लाल दिवा लावायचं. पहिल्याच दिवशी दिवा लागला, आईनं गॅस बंद केला आणि जेवायला बसल्यावर डाळ दाताखाली कडकड वाजली. यंत्रानं एक शिट्टी कुकरची मोजली होती आणि दोन मालगाडीच्या. आमच्या घरापासून रेल्वे लाइन फार लांब नाही. नानांनी कच्ची डाळ शांतपणे खाल्ली आणि म्हणाले, मोजण्यात चूक नाही, वहिनी, तीनच होत्या.

आमचा जुना सेट-टॉप बॉक्स त्यांनी नेला तो वीज कधी जाणार हे आधी सांगण्यासाठी. आठ दिवस खटपट करून परत आणला. तो खरंच सांगायचा. वीज गेली की बंद पडायचा.

माझं त्यांच्याकडे जाणं इंग्रजीमुळे सुरू झालं. जुन्या मशीनची माहितीपुस्तकं इंग्रजीत असतात आणि मी इंग्लिश मीडियमची, म्हणून दर रविवारी मी त्यांना ती वाचून दाखवायची, असं ठरलं. म्हणजे त्यांनी ठरवलं. नकार देण्यासाठीही बोलावं लागतं, म्हणून मी जायला लागले. तशी अक्कांची गोष्ट मला कळली, तुकड्यातुकड्यांनी, मायक्रोवेव्हच्या सूचना आणि फ्रीजच्या वॉरंटीच्या मध्ये मध्ये.

झालं असं. सहा वर्षांपूर्वी अक्कांच्या मुलीला बघायला पाहुणे येणार होते. अक्कांचं घर केळीच्या व्यापाऱ्याचं. यजमान गेल्यावर व्यापार त्यांनीच चालवला. घराच्या मागे केळी पिकवायची बंद खोली आहे, आणि तिथं ऊब-गारवा राखणं हे मोठं जिकिरीचं काम. नाना मदतीला म्हणून दोन दिवस आधी गेले. अक्कांनी नुकतंच नवं वॉशिंग मशीन घेतलं होतं. नानांनी त्याला कान लावला आणि त्यांच्या मनात आलं की एवढं हुशार डोकं चादरी धुण्यात कशाला घालवायचं, ते केळीच्या खोलीत बसवावं. बहिणीला सुखद धक्का द्यावा म्हणून ते कोणाला बोलले नाहीत. मशीनच्या आतलं कार्ड काढून घेतलं आणि मशीन अडून राहू नये म्हणून त्याच्या जागी आपलं स्वतः जुळवलेलं एक कार्ड बसवलं, जुन्या सामानातलं.

पाहुणे आले. पोहे झाले. तेवढ्यात कोणीतरी मागे सोफ्याची कव्हरं धुवायला टाकली होती, ती पिळण्याची वेळ आली. नानांच्या कार्डाला पिळायचं ठाऊक होतं, थांबायचं ठाऊक नव्हतं. मशीन थरथरलं, उडालं आणि चालायला लागलं. मोरीतून मधल्या खोलीत, मधल्या खोलीतून बैठकीत, मागे पाण्याची नळी ओढत. मुलगी बाहेर यायच्या आधी मशीन बाहेर आलं. मुलाच्या वडिलांच्या समोर उभं राहून त्यानं झाकण उघडलं आणि सगळं पाणी त्यांच्या मांडीवर सोडलं.

नाना हे सांगताना हसत नाहीत. मी हसू दाबायला वॉरंटीचं पुस्तक तोंडासमोर धरलं.

पाहुणे ओल्या धोतरानं निघून गेले आणि त्यांचा निरोप कधी आला नाही. अक्कांनी नानांना एकच वाक्य ऐकवलं, "आते मना दारमा पाय ठेवू नको." नाना तेव्हापासून त्या दारात गेलेले नाहीत. त्या दोघांना आई-वडील नाहीत, दुसरं भावंड नाही. नानांचं घर तेच अक्कांचं माहेर.

आता आखाजीबद्दल सांगावं लागेल. बाहेरच्यांना अक्षय्य तृतीया म्हणजे सोनं घ्यायचा दिवस वाटतो. खानदेशात तो सासुरवाशिणींनी माहेरी यायचा सण आहे. झाडांना झोके बांधतात, गाणी होतात, पुरणाचे मांडे होतात. पण माहेरी यायचं म्हणजे आपण उठून बस पकडून यायचं नाही. माहेरचं माणूस न्यायला यावं लागतं. त्याला मुराळी म्हणतात. बाई सत्तरीची असो, तिला नातवंडं असोत, मुराळी लागतोच. फोनवर बोलावलेलं चालत नाही. आणि अक्का नानांचा फोन उचलतही नाहीत.

दारात पाय ठेवायचा नाही आणि मुराळी तर पाठवायचा. दुसरा कोणी माणूस असता तर त्यानं एखाद्या नातेवाइकाला पाठवलं असतं. नानांनी यंत्र पाठवलं.

पहिल्या आखाजीला त्यांनी एक दारावरची घंटी बनवली. बोलणाऱ्या प्लास्टिकच्या पोपटातली चिप काढून तिच्यात स्वतःचा आवाज भरला. बटण दाबलं की भाऊ बोलावतो, अशी कल्पना. पण पोपटाच्या चिपमध्ये जागा चार सेकंदांची. त्यामुळे घंटी दाबली की नानांचा आवाज यायचा, "अक्का, आखाजीले ये, मनी चुकी व्हय—" आणि तिथून पुढे पोपटाचं मूळचं हसणं. खदाखदा. डबा केळीच्या टेम्पोतून सावद्याला गेला आणि दुसऱ्या दिवशी त्याच टेम्पोतून परत आला.

दुसऱ्या वर्षी मायक्रोवेव्हच्या पुढच्या पाटीपासून त्यांनी घड्याळ केलं. आखाजीला किती दिवस राहिले ते ते उलटं मोजायचं. एकवीस, वीस, एकोणीस. एकदम सुंदर काम होतं, असं नाना अजून म्हणतात. फक्त मायक्रोवेव्ह शून्यावर आला की जे करतो ते त्यानं केलं. पाच वेळा पीप करून लाल अक्षरांत End लिहिलं. एकट्या राहणाऱ्या, सत्तरीला आलेल्या बाईच्या ओट्यावर. नानांना हे मी समजावून सांगितल्यावर कळलं. त्यांना वाटलं होतं, अक्कांना इंग्रजी येत नाही म्हणून राग आला.

तिसऱ्या वर्षी त्यांनी यंत्राच्या ऐवजी पत्र पाठवलं, म्हणजे त्यांच्या हिशेबात शरणागती. क्लासमधल्या जुन्या प्रिंटरवर, कडेला भोकं असलेल्या लांबच लांब कागदावर. अकरा पानं मनापासून लिहिली होती. पण जुन्या कॉम्प्युटरवरची मराठी अक्षरं प्रिंटरपर्यंत पोहोचली नाहीत आणि छापून आली ती नुसती प्रश्नचिन्हं. कागद दुमडलेलाच खाली पडत गेला आणि नानांनी तो उलगडून न बघताच पाकिटात घातला. अक्कांना भावाकडून अकरा पानं प्रश्नचिन्हांची मिळाली. मला विचाराल तर त्या पाचांत हाच निरोप सगळ्यात खरा होता. तोही परत आला.

चौथा डबा मी पाहिलेला नाही. पाचव्यातून धूर यायला लागला म्हणून टेम्पोवाल्यानं तो भुसावळलाच उतरवून ठेवला, असं आई सांगते.

या वर्षी चैत्र लागला तशी नानांची सोल्डरिंग गन पुन्हा तापली. सहावा मुराळी मोठा होता. त्यात एका फ्रीजचं कार्ड होतं, दोन रिमोट होते, आणि वजन सांगणाऱ्या काट्यातली बाई होती, जी आता वजनाच्या ऐवजी निमंत्रण देणार होती. अजून ती मध्येच "कृपया स्थिर उभे राहा" म्हणायची, तेवढी दुरुस्ती बाकी होती. आई त्यांना मांड्यांसाठी रवा कुठून आणायचा ते सांगायला आली होती. तिनं तो ढीग बघितला आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "नाना, तुम्ही आमच्या मशीनची माफी मागितली. बहिणीची मागायला काय होतं?"

 आई रव्याचं अर्धंच सांगून घरी गेली. मी माहितीपुस्तक हातात धरून बसले होते. पान अठ्ठावीस, दार नीट न लागल्यास काय करावे. खोलीत चौदांपैकी दोन कॉम्प्युटर व्यायाम करत होते, त्यांच्या पंख्यांचा आवाज येत होता. मग मी, जिला दुकानात सुटे पैसे मागायला लाज वाटते, विचारलं, "तुम्हीच का नाही जात?"

नानांनी गन बंद केली. तिचं टोक ओल्या फडक्याला पुसलं. मग माझ्याशी अहिराणीत बोलले, पहिल्यांदाच. "मशीन परत ऊनं ते उघाडी दखता येस, काय बिघडनं. मी परत ऊनू ते माले कोन उघाडी दखी?"

म्हणजे यंत्र परत आलं तर उघडून बघता येतं, ते स्वतः परत आले तर त्यांना कोण उघडून बघणार. मी पान उलटलं. दुसरं काय करणार.

चार दिवसांनी सकाळी नाना आमच्या दारात उभे होते, पांढरा इस्त्रीचा शर्ट घालून, केस तेल लावून बसवलेले. सावद्याला जायचंय म्हणाले. आईला म्हणाले, हिला सोबत पाठवा. मी का, असं आईनं विचारलं, कारण मीही तेच विचारणार होते. नाना म्हणाले, "दोन बोलणारे असले की भांडण होतं. ही मध्ये बसली तर होणार नाही." आईनं त्यांच्या खिशातून दोन पेचकस आणि एक टेस्टर काढून घेतला. मोज्यातला तिसरा पेचकस त्यांनी स्वतःहून दिला.

 भुसावळनंतर केळीच्या बागा सुरू झाल्या तसे नाना बसमध्ये बोटांनी मांडीवर काहीतरी टाइप करत होते. तोंडानं पुटपुटत. भाषणाची तयारी चालली असावी.

अक्कांनीच दार उघडलं. उंच बाई, नानांपेक्षा हातभर तरी उंच वाटली, कदाचित आम्ही पायरीखाली उभे होतो म्हणून. त्यांनी भावाकडे बघितलं, मग त्यांच्या रिकाम्या हातांकडे. मला म्हणाल्या, "तू कोन शे बेटा?" मी शेजारची, एवढं सांगितलं. "बस," म्हणाल्या. नानांना काहीच म्हणाल्या नाहीत, पण दारातून बाजूला झाल्या. आम्ही आत जाऊन बसलो. नानांची नजर लगेच फिरायला लागली. टीव्ही, कूलर, फ्रीज, कोपऱ्यातलं पाणी गाळायचं यंत्र. त्यांचा श्वास जरा मोकळा झाला. आपली माणसं भेटल्यासारखा. आता ते उठून फ्रीजला कान लावणार, हे मला कळलं आणि अक्कांनाही कळलं.

अक्का गेल्या आणि त्यांनी घराचा मेन स्विच खाली ओढला.

कूलर थांबला. पंखा तीन-चार फेरे फिरून थांबला. फ्रीज एकदा आतून थरथरला आणि गप्प झाला. बाहेर वैशाख, सावद्याचं दुपारचं ऊन. अक्का आमच्यासमोर पाटावर बसल्या आणि पदरानं मान पुसत म्हणाल्या, "आते घरमा एकबी डोकं चालू नही. बोल."

 नानांनी केळीला भाव काय चाललाय ते विचारलं. अक्कांनी उत्तर दिलं नाही. मग गुडघे कसे आहेत ते विचारलं. त्याचंही नाही. मग ते घाम पुसत बसले. शर्ट पाठीला चिकटला होता. माझ्याकडे त्यांनी मदतीसाठी बघितलं आणि मी, ठरल्याप्रमाणे, काही बोलले नाही. इतकी वाईट सोबत त्यांना दुसऱ्या कोणाची मिळाली नसती.

शेवटी ते फरशीकडे बघत म्हणाले, "अक्का, मी मुराळी व्हईसन ऊनू."

अक्का म्हणाल्या, "इतलंच सांगनं व्हतं ना? मंग पाच वरीस डब्बा काब्र धाडात?"

"तू नही म्हनशी, म्हनीसन."

अक्कांनी कोनाड्यातला ताडाचा पंखा घेतला. मला वाटलं, स्वतःला वारा घालतील. त्या भावाला घालायला लागल्या, रागानं, जोरजोरात, चूल फुंकावी तसा. नाना मान खाली घालून तो वारा खात होते. मग त्यांनी शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले आणि घाम फार आहे म्हणाले. घाम फार होताच.

नंतर स्वयंपाकघरात मला पन्हं देताना अक्कांनी जे सांगितलं ते नानांना अजून माहीत आहे की नाही, कोण जाणे. ओल्या धोतराचे ते पाहुणे तेव्हाच हुंड्यात गाडी मागून बसले होते. मशीन चालत आलं नसतं तर अक्कांनी होकार दिला असता आणि आयुष्यभर पस्तावल्या असत्या. मुलगी आता नाशिकला चांगल्या घरी आहे. मशीनमुळे आपण वाचलो, हे अक्कांना महिन्याभरातच कळलं होतं. मग कळवलं का नाही, हा प्रश्न माझ्या चेहऱ्यावर दिसला असेल. त्या म्हणाल्या, कोणाला कळवू, मुराळी कुठे आला होता? येत होते ते पोपट.

दुपार कलल्यावर आम्ही तिघं निघालो. मुराळ्याबरोबर जायला अक्कांना पिशवी भरायला दहा मिनिटं लागली.

परतीच्या बसमध्ये अक्का खिडकीशी, नाना मध्ये आणि मी कडेला. म्हणजे मी दोघांच्या मध्ये नव्हतेच, पण त्याची गरजही राहिली नव्हती. बोलून झालं होतं. यावल नाक्याच्या अलीकडे कुठेतरी अक्कांचा डोळा लागला आणि त्यांचं डोकं हळूहळू घसरत नानांच्या खांद्यावर आलं. नाना ताठ झाले. आणि तेवढ्यात कंडक्टरचं तिकिटाचं मशीन अडलं.

कंडक्टर आमच्या सीटपाशीच उभा होता. त्यानं मशीनची बटणं दाबली, फुंकर मारली, मग तळहातावर आपटायला सुरुवात केली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा सीटच्या दांडीवर. नानांचं तोंड असं झालं, जणू त्यांनाच आपटताहेत. त्यांचा उजवा हात मांडीवरून दोन बोटं उचलला गेला. मशीन हातभर अंतरावर होतं. त्यांनी झाकण उघडलं असतं, आतलं सगळं बाहेर काढलं असतं, कंडक्टरला धुळ्याचा क्लास सांगितला असता. त्यांनी खांद्याकडे बघितलं आणि हात परत ठेवला. भुसावळ येईपर्यंत ते मशीन आपटलं जात होतं आणि नाना डोळे मिटून बसले होते. नाकावर माशी बसली, तीही त्यांनी हाकलली नाही. ती मी हाकलली.

जळगावचं स्टँड आलं. गाडी रिकामी झाली. मी दोघांच्या पिशव्या घेऊन उभी राहिले. नाना हलेनात. त्यांनी मला डोळ्यांनी खाली बस म्हणून सांगितलं, मी बसले. ड्रायव्हरनं मागे वळून बघितलं. कंडक्टर आला आणि म्हणाला, आजोबा, शेवटचा स्टॉप आहे, उतरा. नानांनी ओठांवर बोट ठेवलं.

कंडक्टर आवाज खाली आणून म्हणाला, "अहो, गाडी आता डेपोत जाणार."

"मंग हळूहळू ली जा, भाऊ," नाना म्हणाले.